घोडा न बांधलेली कडी

त्या रविवारी बाबांनी नेहमीप्रमाणे कडीला हात लावला, एकदा हलवून पाहिली आणि म्हणाले, "आहे जागेवर."

"असणारच," लेक म्हणाली. "केवढी भक्कम आहे."

"जुनं काम."

"हो ना."

एवढं बोलून झाल्यावर दोघं आणखी दोन मिनिटं कडीकडे पाहत उभी राहिली. इतकं चालत यायचं आणि लगेच पाठ फिरवायची, हे बरं दिसत नाही म्हणून. मग बाबांनी घड्याळ पाहिलं, वहीत तारीख आणि वेळ टाकली, आणि बापलेक कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीकडे निघाली. टपरीपर्यंतच्या शंभर पावलांत दोघांच्याही चालण्यात जरा जीव आला. पण हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. तो शेवटचा साधा दिवस होता. साध्या दिवसांची पंचाईत हीच, की ते तसं सांगून येत नाहीत.

सोमवारी सकाळी बाबा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. बस आगारात चौतीस वर्षं टाइमकीपर असलेला माणूस. एक गाडी दोन मिनिटं आधी सुटली तर ड्रायव्हरला हातातला चहा खाली ठेवायला लावून जाब विचारायचा. स्वतः मात्र कोणालाही न विचारता निघून गेला. लेकीने आलेल्या माणसांना बसायला खुर्च्या दिल्या, सह्या केल्या, फोन घेतले. ती एका कॉलेजात ग्रंथपाल होती. जे जिथलं असेल ते तिथे ठेवायचं, हे तिला चांगलं जमत असे. रडणं नेमकं कुठल्या कपाटात ठेवायचं, तेवढं कळेना. म्हणून ते तिने तूर्त बाजूला ठेवलं.

आता कडीविषयी. एका जुन्या गोदामाच्या मागच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर बसवलेली ती लोखंडी कडी होती. बांगडीपेक्षा मोठी, ताटलीपेक्षा लहान. तिच्याकडे पाहून कोणाचंही मन भरून येण्याचं कारण नव्हतं. पण बाबांना छंदच तो होता. लोक सुट्टीत राजवाडे बघतात. बाबा असल्या जागा बघत. त्यांच्या वहीत अशा एक्केचाळीस जागांची नोंद होती. अकरा पायऱ्या चढून सरळ भिंतीवर आपटणारा जिना. पाणी नसलेला आणि कधी होतं असं कोणालाही न आठवणारा पूल. घर पडलं तरी फाटकाला उरलेली पत्रपेटी, जिच्यात अजून कोणीतरी पत्रं टाकतं. एका शाळेच्या भिंतीवर रंगाने काढलेलं घड्याळ; त्याच्यापुढे बाबांनी शेरा मारला होता, "माझ्या पाहण्यातलं एकमेव घड्याळ ज्याच्याबद्दल तक्रार नाही."

कडी क्रमांक सतरावर होती. "घोडा बांधण्याची कडी. निरोप घेऊन येणारे स्वार येथे थांबत असावेत. शोध : चि. कन्या (वय ९)."

आणि इथेच सगळी गोम होती. त्या दिवशी नऊ वर्षांच्या चि. कन्येच्या पायात नवे बूट होते. सकाळपासून बापलेक चालत होती, एकही जागा सापडली नव्हती, आणि बाबा म्हणाले होते, "काहीतरी मिळाल्याशिवाय परत फिरायचं नाही हं." टाचेला फोड आलेला. तेव्हा तिने समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं, "बाबा, ते बघा काय." तिला ती कडी चांगली ठाऊक होती. तीनच दिवसांपूर्वी शाळेतून येताना तिने शेजारच्या इस्त्रीवाल्याला आणि आणखी एका माणसाला ती भिंतीत ठोकताना पाहिलं होतं. तिला वाटलं, बाबा बघतील, हसतील, आणि आपण घरी जाऊ. बाबा कडीसमोर गुडघ्यावर बसले.

आठवड्याभरात त्यांनी वारसा कार्यालयाला अर्ज केला. महिन्याभरात लेकीने शाळेत 'माझा शोध' असा निबंध लिहिला, कारण बाईंनी विषय दिला आणि दुसरं काही सुचेना. पहिला नंबर आला. बाबांनी निबंध चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला. चौकटीत बसवलेली गोष्ट खोटी आहे असं सांगायला जे धैर्य लागतं, ते नवव्या वर्षी नसतं. पुढे अडतिसाव्यापर्यंतही आलं नाही.

बाबा गेल्यावर अठराव्या दिवशी कार्यालयाचं पत्र आलं.

"संदर्भ : आपला अर्ज व त्यानंतरची अठ्ठावीस स्मरणपत्रे." दरवर्षी एक, त्याच तारखेला, टाइमकीपरच तो. कार्यालयात कोणी नव्या अधिकारी आल्या होत्या आणि त्यांनी कपाटं उपसायला काढली होती, असं पुढे कळलं. मजकूर असा, की स्थळपाहणी येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता होईल, अर्जदार व शोधकर्ता यांनी जातीने हजर राहावे. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. माहिती खोटी आढळल्यास अर्जदाराचे नाव अविश्वसनीय माहितीदारांच्या यादीत कायमचे घेण्यात येईल व त्याच्या अन्य सर्व नोंदी बाद समजण्यात येतील.

लेकीने ती ओळ तीनदा वाचली. जिना, पूल, पत्रपेटी, घड्याळ, सगळ्या चाळीस खऱ्या जागा एका फोडापायी बाद होणार होत्या. आणि वर बाबांचं नाव त्या यादीत, कायमचं.

ती दुसऱ्याच दिवशी अर्ज मागे घ्यायला गेली. खिडकीपलीकडच्या कारकुनाने फाइल काढून तिच्यावरची धूळ झटकली आणि विचारलं, "अर्जदार कुठायत?"

"वारले."

"मग ते मागे कसा घेणार?"

"म्हणून तर मी आलेय. मी त्यांची मुलगी."

"मुलगी म्हणून तुम्हाला अर्ज पुढे चालवता येतो. नमुना चार. मागे घ्यायला नमुना दोन, त्याच्यावर अर्जदाराचीच सही लागते."

"म्हणजे माणूस गेला तरी अर्ज जात नाही?"

"अर्ज कशाला जाईल, ताई? फाइलमध्ये आहे की." त्याने पान उलटलं. "शोधकर्ता, चिरंजीव कन्या, वय नऊ. ही कोण?"

"मीच."

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "वय जुळत नाही."

"वाढलं मध्यंतरी."

"तसा दाखला जोडावा लागेल."

नमुना चार मुकाट्याने घेऊन ती घरी आली. जिन्यात शेजारचे हेडमास्तर भेटले. हेडमास्तर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण समोरचा माणूस उशिरा आलाय असं समजूनच ते अजून बोलत. तिच्या हातातलं पत्र त्यांनी वाचायला मागितलं नाही, घेतलं.

"अगं, ही केवढी आनंदाची गोष्ट," ते म्हणाले. "आणि तू चेहरा कसा केलायस."

"काका, मला वाटतं हे राहू द्यावं."

"राहू द्यावं? तुझे वडील अठ्ठावीस वर्षं पत्रं लिहितात आणि आपण राहू द्यावं? तू काही करू नकोस. मी बघतो."

हे शेवटचे दोन शब्द तिला धोक्याचे वाटले. ते उगाच नव्हतं, हे संध्याकाळपर्यंत सिद्ध झालं. खालच्या फलकावर सूचना लागली होती. गुरुवारी सर्व रहिवाशांनी साडेदहाला गोदामामागे जमावे, दोन रांगा कराव्यात. पडदा बाजूला करण्याचा छोटा कार्यक्रम होईल. पडद्यासाठी दुसऱ्या मजल्यावरून जांभळं कापड मिळालं होतं, दोरीवर मात्र मतभेद होते.

घरात आत्या होती. बाबांची धाकटी बहीण. सोबतीला म्हणून राहायला आलेली. तिने बातमी ऐकली, डोळे पुसले आणि म्हणाली, "दादाचं चीज झालं हो. आमचे आजोबा सांगायचे ना, तिथे घोडे बांधायचे म्हणून."

"आत्या, तुमचे आजोबा तिथे कधी राहायचे? आपण इथे आलो तेव्हा बाबांना नोकरी लागली होती."

"मग दुसऱ्या कुठल्या कडीबद्दल सांगत असतील. पण घोडे होते."

"अधिकाऱ्यांसमोर हे बोलू नकोस हं."

"मी कशाला बोलू? विचारलं तरच सांगेन."

रात्री जेवताना लेकीच्या डोक्यात एक विचार आला. ग्रंथालयाचं पुस्तक एक दिवसही उशिरा परत न केलेल्या बाईच्या डोक्यात येऊ नये असाच तो होता. कडीच नसेल तर खोटी कशी ठरेल? जागेवर कडी आढळली नाही, एवढाच शेरा पडेल. हरवलेली वस्तू आणि खोटी वस्तू यांत केवढा फरक आहे, हे ग्रंथपालाइतकं कोणाला कळणार?

बुधवारी दुपारी ती प्लंबरला घेऊन गोदामामागे गेली. प्लंबर कारण विचारत नसे, हा त्याचा लौकिक होता. त्याने कडी निरखली, छिन्नी लावली, हातोडा घातला. भिंतीचा एक टवका उडाला. दुसऱ्या घावाला छिन्नीचं टोक उडालं. तिसऱ्या घावाला हातोड्याचा दांडा हातात राहिला आणि डोकं गोदामाच्या पत्र्यावर जाऊन मोठ्ठा आवाज झाला.

प्लंबर दांड्याकडे बघत आदराने म्हणाला, "ताई, ही जुनी कामं. आता असं काम होत नाही."

"आता नाहीच होत," पाठीमागून कोणीतरी म्हणालं. "माझ्या मेव्हण्यानं बसवलीय."

इस्त्रीवाला उभा होता. केस सगळे पिकलेले, खांद्यावर कोणाचातरी अर्धा घडी केलेला शर्ट. आवाज ऐकून तो दुकानातून तसाच आला होता. त्याचं दुकान म्हणजे गोदामाच्या भिंतीला टेकून उभी केलेली एक लाकडी खोली. कडीपासून दहा पावलांवर.

लेकीचं धाबं दणाणलं. तोंडावर काही दिसू न देण्याचा तिला सराव होता, तो आज उपयोगी पडेना.

"कपडे वाळत घालायला दोरी बांधायची होती," इस्त्रीवाला म्हणाला. "मेव्हणा तेव्हा धक्क्यावर काम करायचा, जहाजं बांधायच्या जागी. त्याला म्हटलं एक कडी लाव. त्यानं जहाज बांधायचं असल्यासारखी लावली. तुम्ही का काढताय पण? टाइमकीपरसाहेबांची कडी ती."

"तुम्ही हे बाबांना कधी सांगितलं नाहीत ना?" तिने विचारलं.

"सांगितलं की. पहिल्याच वर्षी."

प्लंबरने दांडा खाली ठेवला आणि कारण न विचारण्याचा लौकिक बाजूला सारून तो ऐकू लागला.

"साहेब इथं येऊन लोकांना घोड्यांचं सांगायला लागले, मला राहवेना. म्हटलं, साहेब, रागावू नका, ही माझी आहे. साहेब मटकन खाली बसले. मी पाणी दिलं. मग म्हणाले, कोणाला बोलू नका. माझ्या मुलीनं शोधलीय ती. तिनं त्याच्यावर निबंध लिहिलाय, पहिली आलीय. तिला कळलं तर तिचं मन मोडेल."

लेक कडीकडे बघू लागली.

"ते पत्र लिहायचंही बंद करणार होते," इस्त्रीवाला पुढे म्हणाला. "तेवढ्यात गाड्या लावायला जागा हवी म्हणून ही भिंत पाडायचं निघालं. माझं दुकान जाणार. मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, अर्जाचा निर्णय लागेपर्यंत भिंतीला कोणी हात लावू शकत नाही, तसा नियम आहे. मी वर्षाला एक पत्र टाकत जाईन. तुमचं दुकान राहील आणि पोरीचं मनही राहील. फक्त रविवारी तिला घेऊन यायला लागतं, म्हणाले, त्याचं काही नाही, पण तीच तीच कडी किती वेळा बघायची."

"असं म्हणाले?"

"अहो, कंटाळायचे. पण तुम्हाला फार आवडते म्हणून यायचे."

प्लंबर हळूच म्हणाला, "ताई, मग काढायची का ठेवायची?"

"ठेवा," ती म्हणाली, आणि इस्त्रीवाल्याने पुढे केलेल्या स्टुलावर बसली. एकोणतीस वर्षं दोन शहाणीसुरती माणसं एकमेकांचं मन राखण्यासाठी एका कपडे वाळत घालायच्या कडीला मान देत होती. एकजण म्हणे, "जुनं काम," दुसरी म्हणे, "हो ना." दोघंही चहाची वाट बघत होती. तिला हसू आलं, आणि तिने बाजूला ठेवलेलंही त्याच वेळी आलं. प्लंबरने सभ्यपणे पत्र्यावर हातोड्याचं डोकं शोधायला घेतलं.

गुरुवारी साडेदहाला दोन रांगा झाल्या होत्या. हेडमास्तर पुढे उभे होते. जांभळा पडदा कडीवर टांगलेला होता आणि दोरी म्हणून कोणाच्या तरी झग्याचा पट्टा वापरला होता. कालच्या छिन्नीने उडालेला टवका कोणी पाहिला नाही, कारण हेडमास्तरांच्या सूचनेवरून कडीला आणि भोवतालच्या हातभर भिंतीला सकाळीच चंदेरी रंग देण्यात आला होता.

"गंज होता फार," ते लेकीला म्हणाले. "पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

अधिकारी बाई बरोबर अकराला आल्या. तरुण, घामाघूम, काखेत फाइल. बरोबर तोच कारकून. हेडमास्तरांनी पट्टा ओढला. पडदा निम्मा सरकला आणि ओल्या रंगाला चिकटला. कारकुनाने तो सोडवला. बाईंनी कडीला हात लावला आणि चंदेरी झालेली बोटं बघितली.

"हा रंग कधीचा?"

"सकाळचा," हेडमास्तर अभिमानाने म्हणाले.

"आमचे आजोबा सांगायचे," रांगेतून आत्याचा आवाज आला, "की इथे घोडे..."

"आत्या."

"अगं, त्यांनी विचारलंच ना."

बाईंनी फाइल उघडली. "शोधकर्ता कोण?"

लेक पुढे झाली. दोन्ही रांगा तिच्याकडे बघत होत्या. इस्त्रीवाला दुकानाच्या दारात उभा होता आणि त्याच्या हातात शर्ट नव्हता, म्हणजे तो काम सोडून उभा होता. तिने घरून ठरवून आणलेली चार वाक्यं होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"ही कडी जुनी नाही," ती म्हणाली. "एकोणतीस वर्षांपूर्वी कपड्यांच्या दोरीसाठी बसवली. ती बसवताना मी पाहिली होती. नऊ वर्षांची होते, वडिलांना खोटं सांगितलं मी. चूक माझी आहे. त्यांच्या वहीत आणखी चाळीस जागा आहेत, त्या सगळ्या खऱ्या आहेत. नाव लिहायचं असेल तर त्या यादीत माझं लिहा."

हेडमास्तरांच्या हातातला पट्टा गळून पडला. आत्या पुटपुटली, "पण घोडे होते."

अधिकारी बाई बराच वेळ फाइल चाळत राहिल्या. मग कारकुनाकडे वळल्या. "अर्जात कडी जुनी आहे असं कुठे म्हटलंय?"

कारकुनाने पहिलं पान काढलं. "यात आहे. स्वार थांबत असावेत."

"असावेत. आणि स्मरणपत्रांत?"

कारकून एकेक पत्र उलटत गेला. अठ्ठाविसांपैकी एकातही घोडा नव्हता, स्वार नव्हता. प्रत्येकात मजकूर एकच होता. "सदर कडी जागेवर आहे. निर्णय व्हावा."

"मग माहिती खोटी नाही," बाई म्हणाल्या. "कडी जागेवर आहे. वय कमी आहे, एवढंच. नोंदीला शंभर वर्षं लागतात. ही किती, एकोणतीस?"

"एकोणतीस," इस्त्रीवाला दारातून म्हणाला.

"म्हणजे अर्ज मुदतीआधी आला." त्यांनी तसा शेरा लिहिला. "एकाहत्तर वर्षांनी पुनर्विचार. तोपर्यंत जैसे थे."

"भिंत?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"भिंतीशिवाय कडी कशी राहील? भिंतही जैसे थे."

इस्त्रीवाला दाराच्या चौकटीला टेकला. त्याचं वय पासष्ट तरी असावं; एकाहत्तर वर्षं त्याला पुरण्यासारखी होती.

"आणि ती वही मला बघायला द्या," बाई जाता जाता लेकीला म्हणाल्या. "पाणी नसलेला पूल कुठे आहे, मला खरंच बघायचाय. येताना नमुना चार भरून आणा."

"वयाच्या दाखल्यासह," कारकून म्हणाला.

लोक पांगले. हेडमास्तर घडी केलेला पडदा घेऊन निघताना तिच्याजवळ थांबले आणि म्हणाले, "तरी मी तुला म्हणत होतो, राहू द्यावं." आत्या त्यांच्याबरोबर गेली, तिला आजोबांचं पूर्ण सांगायचं होतं आणि हेडमास्तर सापडले होते.

लेक कडीसमोर एकटी उभी राहिली. चंदेरी रंगात ती कडी नवीकोरी दिसत होती, पहिल्या दिवशी असेल तशीच. इस्त्रीवाल्याने आत जाऊन इस्त्री उचलली होती आणि मुद्दाम तिच्याकडे पाठ केली होती.

तिने कडीला हात लावला, एकदा हलवून पाहिली. बोटं चंदेरी झाली.

"आहे जागेवर," ती म्हणाली.

मग जरा थांबून, हळू पण ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, त्या दिवशी माझ्या टाचेला फोड आला होता, म्हणून दाखवली. मला या कडीचा फार कंटाळा यायचा हो. रविवारचा कधीच नाही आला."